शिगेओचं पान

आमच्या शेजारचा इसाबुरो न्हावी आयुष्यात एकदाच खोटं बोलला. आम्ही बाकीचे रोज थोडंथोडं बोलतो, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. त्याला सवय नव्हती. तो बोलला तो एकदम दोनशे माणसांसमोर, आणि ते चार वर्षं पुरलं.

दिसायला उंच, पाठीत वाकलेला, आणि कान असे की मागून पाहिलं तर दोन कड्यांची कढई चालत निघाल्यासारखी वाटे. न्हावी असून तोंडाचा मुका. मी कधी म्हणायची, "इसाबुरो-सान, तुमच्या दुकानात वस्तराच जास्त बोलतो." तो म्हणायचा, "हं." हे त्याचं भाषण.

वस्तरा पुसायला तो स्टेशनवरून इथल्या पोर्तुगीज भाषेतले जुने पेपर आणायचा, आणि पुसण्याआधी एकेक अक्षर लावत वाचून काढायचा. आमच्या वस्तीत ती भाषा वाचणारी माणसं तीन. त्यामुळे जगातली बातमी आमच्याकडे साबणाचा वास घेऊन यायची, तीही दोन दिवस शिळी.

अठ्ठावीस साली आम्ही एकाच बोटीने ब्राझीलला आलो. सगळेच पाच वर्षांसाठी आलो होतो. पाच वर्षं कॉफी तोडायची, गाठीला काही बांधायचं आणि जपानला परत. आमच्या बोटीतली ती पाच वर्षं अजून चालू आहेत.

इसाबुरो, त्याची बायको मात्सुए आणि तिचा धाकटा भाऊ कानरोकू, असे तिघे चढले. चौथा चढायचा राहिला. सात वर्षांचा शिगेओ. कोबे बंदरात डॉक्टरने त्याची पापणी उलटी करून पाहिली, आत खुपऱ्या निघाल्या, आणि यादीतून नाव खोडलं. गावची जमीन विकलेली, बोट सुटायला चार दिवस. इसाबुरोचा थोरला भाऊ येऊन पोराला गावी घेऊन गेला. मात्सुए पोराला म्हणाली होती, "मी बोट बघून येते हं." हे तिने मला सांगितलं ते आमच्या न्हाणीघरात, गरम पाण्याच्या पिंपात गळ्यापर्यंत बसून. तिथं एक बरं असतं, तोंड कशानं ओलं झालंय ते कुणी विचारत नाही.

शिगेओचं पान ती पहिल्या दिवसापासून मांडायची. दूर गेलेल्या माणसाचं पान घरात रोज मांडलं की तो जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाकीच्या बायका सणासुदीला मांडतात. मात्सुए रोज सकाळी मांडायची. लाकडी तबक, भाताचा वाडगा, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं, जेवायच्या काड्या आडव्या. वर झाकणं. थोड्या वेळानं झाकण उचलून आतल्या बाजूला घाम आलाय का ते बघायचं. थेंब असले तर माणूस सुखरूप. दुपारी ते पान इसाबुरो खायचा.

मी एकदा तोंडाळपणा केला. म्हटलं, "अगं, ऊन सार झाकलं की झाकणाला घाम येणारच. उद्या मी घोड्याचं पाणी तापवून झाकलं तर तोही सुखरूप." तीन महिने मला तिच्या हातचं लोणचं मिळालं नाही.

एक्केचाळीसच्या शेवटाला शिगेओचं शेवटचं पत्र आलं. सैन्यात भरती झाली, डोळे तपासले, उत्तम आहेत म्हणाले. मात्सुएनं ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. जे डोळे बोटीला चालले नाहीत ते बंदुकीला चालले. मी त्यावर काही बोलले नाही. माझ्या तोंडाचा लौकिक पाहता हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग जपानची अमेरिकेशी लढाई लागली आणि सगळंच बंद झालं. टपाल बंद, आमच्या भाषेतले पेपर बंद, रेडिओ पोलिसांनी नेले. रस्त्यात जपानीत शिंकलं तरी ठाण्यात बोलावणं. साडेतीन वर्षं आम्ही बहिऱ्यामुक्यांसारखे रेशमाचे किडे पाळत बसलो. आणि पंचेचाळीसच्या ऑगस्टात एके सकाळी इसाबुरोनं पेपर वाचला, वस्तरा खाली ठेवला आणि दुकानातल्या चौघांना सांगितलं, "युद्ध संपलं. हरलो. बादशहांनी स्वतः रेडिओवर सांगितलं म्हणे."

पहिला उठला तो त्याचाच मेहुणा, कानरोकू. "दाजी, पेपर कुणाचा? ब्राझीलवाल्यांचा. ब्राझील लढलं कुणाच्या बाजूनं? अमेरिकेच्या. म्हणजे चोराच्या साक्षीला तुम्ही चोराचा भाऊ उभा केलात."

सप्टेंबरात इसाबुरोनं नवा पेपर त्याच्यापुढं धरला. "फोटो आहे. बोटीवर सह्या झाल्या त्याचा."

"मग बघा की नीट. अमेरिकेचा सेनापतीही सही करतोय. जिंकलेला कशाला सही करेल? सही करतो तो शरण आलेला."

दुकान हसलं. लढाई सुरू झाली हे कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. संपली हे मात्र पटेना.

महिन्याभरात आमच्या वस्तीत दोन जाती झाल्या. जिंकलेवाले आणि हरलेवाले. तिसरी एक जात होती, ज्यांच्या घरी चहा मिळेल त्यांच्यासारखं बोलणाऱ्यांची, त्यात मी होते. जिंकलेवाले म्हणत, सगळी बनवाबनवी आहे, आपलं आरमार सांतोस बंदराकडे निघालंय, आपल्याला घरी न्यायला. हरलेवाल्यांचे पुढारी म्हणजे सहकारी संस्थेचे चिटणीस हिरायवा. सज्जन माणूस, पण बोलायला लागला की वाटे, ठराव वाचतोय.

दुकानात हाणामारी नको म्हणून इसाबुरोनं वार ठरवून दिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिंकलेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार हरलेले. आमचे हे दोन्ही दिवशी जाऊन बसायचे. त्यांना टक्कल आहे, त्यांना राजकारण परवडतं. एकदा कुणी तरी खुर्चीतूनच वाद काढला, तेव्हा इसाबुरो म्हणाला, "गळ्यावर वस्तरा असेपर्यंत जपान जिंकलंही नाही, हरलंही नाही. हलू नका."

मात्सुए वादात पडली नाही. तिचं गणित साधं होतं. शेंगा सोलता सोलता मला म्हणाली, "बादशहांचा सैनिक शरण जात नाही, हे आपल्याला शाळेत शिकवलंय की नाही?"

"शिकवलंय."

"मग हरलो असतो तर शेवटच्या माणसापर्यंत सगळे मेले असते. माझा शिगेओ जिवंत आहे. झाकणाला घाम येतो रोज. मग हरलो कसे?"

या गणितात बोट घालायला मला कुठं फट दिसेना. तिच्यापुरतं युद्ध संपणं म्हणजे शिगेओ संपणं. त्यामुळे त्या घरात पुढं दुकानात जपान हरलेलं असायचं, मधे एक निळा पडदा, आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात जिंकलेलं. दोघं भांडत नसत. इसाबुरो पडदा ओलांडला की गप्प, आणि गप्प राहणं त्याला जड नव्हतं.

सेहेचाळीस साली दुसऱ्या वस्त्यांतून हरलेवाल्यांना गोळ्या घातल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हसणं कमी झालं. एका सकाळी इसाबुरोच्या दारावर कागद खोचलेला सापडला. "मान धुऊन ठेव." म्हणजे ती उडवायला येतोय. मी म्हटलं, न्हाव्याला मान धुवायला सांगणारा हा पहिलाच शहाणा. इसाबुरोनं कागद उजेडात धरला. म्हणाला, "कानरोकूचं अक्षर आहे," आणि घडी घालून खणात टाकला. त्याच शुक्रवारी कानरोकू केस कापायला आला आणि त्यानं कापून दिले.

टपाल सुरू झालं. सत्तेचाळीसच्या जुलैत, माझ्या भाचीचं लग्न होतं म्हणून मी मान आणि कपाळ कोरून घ्यायला खुर्चीत बसले होते. मानेवर फेस. हिरायवा-सान दारात आले, संस्थेच्या पत्त्यावर आलेली पत्रं वाटत. "इसाबुरो-सान, तुमच्या भावाचं." इसाबुरोनं पाकिटावर पाहिलं, ते साबणाच्या वाटीखाली ठेवलं आणि माझी मान पुरी केली. मग हात धुतले, पुसले, पाकीट फोडलं. त्याचे कान हळूहळू पांढरे पडत गेले, आधी वरून, मग पाळ्यांपर्यंत. वाचून झाल्यावर त्यानं पत्र माझ्यासमोर धरलं. कारण काय कोण जाणे. तिथं मीच होते, म्हणून असेल.

भावानं लिहिलं होतं. शिगेओ लुझोन बेटावर, चव्वेचाळीसच्या डिसेंबरात, अकरा तारखेला गेला. सरकारकडून अस्थींची म्हणून पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली. उघडली. आत लाकडाची एक पट्टी, तिच्यावर नाव. दुसरं काही नव्हतं. इथं सगळं संपलं आहे, शहरं जळली आहेत, तुम्ही येऊ नका.

पडद्यामागे मात्सुए भांडी घासत होती.

"योने-सान," इसाबुरो हळू म्हणाला, "तुमच्या पोटात काही राहत नाही."

"नाही राहत."

"हे ठेवा."

मी ठेवलं. कसं ते मलाही सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी हिरायवांनी सभा घेतली, आपल्या कोष वाळवायच्या शेडमध्ये. त्यांची कल्पना अशी की पाचसहा घरी जपानहून पत्रं आली आहेत, ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू, म्हणजे जिंकलेवाल्यांना आपल्याच माणसांच्या अक्षरातून पटेल. इसाबुरोच्या पत्रात काय आहे हे त्यांना कुठं ठाऊक होतं. सगळी वस्ती आली. कानरोकू आणि त्याची माणसं पाठीमागे हाताची घडी घालून. बायका डावीकडे चटईवर. मात्सुए माझ्याशेजारी.

दोन पत्रं वाचून झाली. पाठीमागून कानरोकू ओरडून म्हणाला, "अमेरिकेत लिहिली, टोकियोत शिक्का मारला." मग हिरायवा म्हणाले, "आता इसाबुरो-सान वाचतील. त्यांनाही भावाचं पत्र आलंय."

मात्सुए माझ्याकडे वळली. "आमचं? कधी आलं?"

मी चटईचे धागे मोजत राहिले.

इसाबुरो उठला. पत्र त्यानं छातीशी ठेवलेलं होतं, ते काढलं, घडी उलगडली. मात्सुए गुडघ्यांवर उठून बसली होती, मान पुढं काढून, जसं कुणी आगगाडीच्या खिडकीत आपला माणूस शोधावा. त्यानं तिच्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. मग कागदाकडे.

"हे पत्र बनावट आहे," तो म्हणाला. "हे माझ्या भावाचं अक्षर नाही."

शेजारच्या शेडमध्ये किडे तुतीची पानं कुरतडतात तो आवाज तेवढा ऐकू येत होता.

"इसाबुरो-सान, काय बोलताय?" हिरायवा म्हणाले.

"दिसतं ते बोलतोय. युद्ध संपलं असं मी दोन वर्षं सांगत आलो. माझं चुकलं. असं काही संपलेलं नाही."

त्यानं पत्राची घडी घातली आणि खाली बसला. कानरोकू रडत पुढं आला आणि दाजींच्या गळ्यात पडला. हिरायवा हातातली बाकीची पत्रं धरून तसेच उभे राहिले. ती वाचून आता उपयोग नव्हता. जो न्हावी पेपर वाचून हरलो म्हणत होता, तोच नाही म्हणतो म्हटल्यावर उरलं काय.

घरी परतताना मात्सुएनं माझा हात धरला होता. "पाहिलंत ना? यांनाही कळलं शेवटी." तिचा हात गरम होता. किती वर्षांनी ती रस्त्यात मोठ्यानं हसली. खोटं ठरलेल्या पत्रात काय लिहिलं होतं हे तिनं विचारलं नाही. अमेरिकेनं लिहिलेलं वाचून काय करायचं?

इथंच गोष्ट थांबली असती तर मी ती मजेची म्हणून सांगितली असती.

मंगळवारी हिरायवांची शेड जळली. हंगामाचे सगळे कोष आत होते. कुणी पेटवली ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं. इसाबुरो पाण्याची बादली घेऊन धावला. हिरायवांनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली, पाणी स्वतः ओतलं आणि रिकामी बादली त्याच्या पायाशी ठेवली.

आणि फुकामी. म्हातारा फुकामी आजवर कुंपणावर बसलेला होता, माझ्यासारखाच. त्यानं आपलं तुतीचं रान विकलं, घर विकलं, आणि बायकोला घेऊन सांतोसला निघाला, आरमाराची वाट बघायला. इसाबुरो स्टेशनवर गेला होता. मीही होते. तो म्हणाला, "फुकामी-सान, थोडं थांबा. घाई कशाला?"

फुकामीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, तुम्हीच डोळे उघडलेत. आता झोपायला सांगता?"

गाडी हलेपर्यंत इसाबुरो तोंड उघडून उभा होता.

पुढची चार वर्षं तो जिंकलेला होता. बादशहांच्या वाढदिवसाला त्याला पहिल्या रांगेत उभं करायचे. हरलेली गिऱ्हाइकं तुटली, शहरात जाऊन केस कापून घेऊ लागली. रोज सकाळी मात्सुए पान मांडायची, झाकण उचलून दाखवायची, "बघा," आणि तो बघायचा. रोज दुपारी तो ते पान खायचा. मी कधी त्या वेळी गेले तर नजर दुसरीकडे ठेवायची. मुलाचं पान बापानं खाणं वेगळं, आणि मुलगा नाही हे माहीत असून खाणं वेगळं. लोणच्याचा शेवटचा तुकडासुद्धा तो टाकत नसे.

हळूहळू जिंकलेले कमी होत गेले. पत्रं वाढली, माणसं येऊ-जाऊ लागली. कानरोकू तर पन्नास साली एका सोमवारी जिंकलेला उठला आणि गुरुवारी हरलेला. म्हणाला, "परिस्थिती बघता." त्याला मुलीसाठी स्थळ आलं होतं, ते हरलेल्यांतलं होतं. वस्तीत जिंकलेलं असं शेवटी चारपाच म्हातारे उरले, मात्सुए उरली, आणि इसाबुरो उरला. एक दिवसही ज्यानं विश्वास ठेवला नव्हता तो. संस्थेतली माणसं रस्त्यात टोकायची, "काय न्हावीबुवा, बोट कुठवर आली?" तो म्हणायचा, "येईल."

मागल्या जूनमध्ये फुकामी परत आला. सकाळची वेळ होती. मी स्वयंपाकघरात मात्सुएबरोबर शेंगा सोलत होते. दुकानातून आवाज आला, "इसाबुरो-सान, दाढी कराल का?" आवाज ओळखायला मला वेळ लागला, माणूस आटला की आवाजही आटतो.

खुर्ची करकरली. "कधी आलात?"

"काल. चालतच आलो स्टेशनवरून. माझ्या रानावरनं. नव्या मालकानं तुती छान राखलीय."

"आणि बाई?"

"तिला बोट लागते ना, म्हणून ती पायीच पुढं गेली. दोन वर्षं झाली."

ब्रश वाटीत फिरत होता. मात्सुए शेंग हातात धरून ऐकत होती.

"तक्रार नाही माझी," फुकामी म्हणाला. "तुमच्या बोलण्यावर निघालो, पण निघालो मी माझ्या पायांनी. एकच विचारायला आलोय. बंदरावर सगळे पांगले. मी एकटा उरलो. लोक वेडा म्हणतात. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, अक्षर भावाचं नव्हतं. नव्हतं ना? एवढं सांगा. नसेल तर मी उद्या परत जातो. उशीर होतोय, एवढंच. थांबेन आणखी."

वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज आला. मग दाढीवरचा, खर्र, खर्र. मग तो थांबला.

मी मनात म्हणत होते, नव्हतं म्हण. त्याच क्षणी म्हणत होते, नको म्हणू. पडद्यामागे ती बसलीय हे त्याला ठाऊक होतं. तिच्या शेंगा सोलण्याचा आवाज त्याला रोज ऐकू यायचा, आणि आता तो येत नव्हता.

"जाऊ नका परत," इसाबुरो म्हणाला. "अक्षर त्याचंच होतं. पत्र खरं होतं. युद्ध तेव्हाच संपलं, पंचेचाळीसला. हरलो. मला सगळं माहीत होतं, फुकामी-सान."

मग फुकामीचा आवाज, शांत. "अर्धी राहिलीय. पुरी करा."

खर्र, खर्र सुरू झालं.

मात्सुए उठली. कोपऱ्यात शिगेओचं पान होतं. तिनं झाकण उचललं, आत पाहिलं. थेंब होते. बाहीनं ते पुसले, आणि कोरडं झाकण परत वाडग्यावर ठेवलं. मी म्हटलं, "मात्सुए." तिनं हातानंच मला बस म्हटलं.

फुकामी गेल्यावर इसाबुरो पडदा सारून आत आला. बोटांना फेस तसाच.

"कधी?" तिनं विचारलं.

"चव्वेचाळीस. अकरा डिसेंबर. लुझोनला."

"योनेला माहीत होतं?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरं झालं. मी तोंड कुठं ठेवलं असतं?

"म्हणजे साडेसहा वर्षं माझ्या पोराला कुणी पाणी दिलं नाही," ती म्हणाली.

इसाबुरो दाराला टेकला. मला वाटलं होतं, ती खोटं का बोललात विचारेल. तिनं ते विचारलंच नाही.

"तू रोज पान मांडत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, पोचत असेल."

"जिवंताचं पान मेलेल्याला पोचत नाही. त्याला पाणी लागतं, उदबत्ती लागते, नाव घेऊन हाक मारावी लागते. तेव्हा त्याला कळतं की आपण गेलोय, आणि आता कुठं जायचं. तुम्हाला माहीत होतं हे."

"माहीत होतं."

"बोट बघून येते म्हणाले मी त्याला. सात वर्षांचा होता, तेव्हा दारात उभा ठेवला. मेल्यावर पुन्हा दारातच उभा ठेवलात."

त्याच्या बोटांवरचा फेस विरत होता आणि जमिनीवर थेंब पडत होते.

मग ती एकदम म्हणाली, "डिसेंबरात तुमचं पोट दुखायचं."

"हं."

"दरवर्षी एक दिवस. दुकान बंद ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसायचात. मी कडू काढा करून आणायची."

"हं."

"आणि तुम्ही तो प्यायचात."

"प्यायचो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी तिथून उठून घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा, शेवटपर्यंत न थांबता.

वस्तीचं म्हणाल तर वस्ती शहाणी झाली नाही. त्याच आठवड्यात उरलेल्या चारपाच म्हाताऱ्यांनी ठरवलं की न्हावी आता खोटं बोलतोय, चार वर्षांपूर्वी बोलला तेच खरं. त्यांनी त्याच्याकडे यायचं सोडलं. हरलेले तर आधीच शहरात जात होते. कानरोकू येऊन म्हणाला, "दाजी, तेव्हाच खरं बोलायचं होतंत." मी त्याला म्हटलं, "तेव्हा तू त्यांना मान धुवायला सांगत होतास." तो चहा न घेताच गेला. दुकानात आता येतात ते आमचे हे, आणि त्यांना कापण्यासारखं काही नाही.

इसाबुरो एकदा हिरायवांच्या दारी जाऊन उभा राहिला. जे सांगायचं ते त्यानं सांगितलं. हिरायवांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "शेड परत बांधली आम्ही." आत या म्हणाले नाहीत. फुकामी इसाबुरोच्या मागच्या पडवीत राहतो आणि दिवसा आपल्याच जुन्या रानावर मजुरीला जातो. त्या घरात कोण कुणाला सांभाळतंय ते मी अजून विचारलेलं नाही.

शिगेओच्या नावाची लाकडी पट्टी इसाबुरोनं स्वतः तासली आणि पूर्वजांच्या देवघरात ठेवली, फुकामीच्या बायकोच्या पट्टीशेजारी. आमच्या इथं भिक्षू नाही. फुकामीला आठवत होते तेवढे मंत्र त्यानं म्हटले, अडलं तिथं पुन्हा पहिल्यापासून. मात्सुएनं भाताचा उंच मुटका करून त्यात काड्या उभ्या रोवल्या, मेलेल्याच्या पानात रोवतात तशा. पाण्याचा पेला मात्र तिनं उचलला नाही. तो इसाबुरोसमोर सरकवला. "हे तुमचं काम. रोज."

तेव्हापासून तो रोज दुकान उघडण्याआधी पाणी ठेवतो आणि नाव घेतो. मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू येतं. पहिल्या दिवशी तो अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "शिगेओ." घसा खाकरला, पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाला. मग आतून मात्सुएचा आवाज आला.

"जोरात मारा हाक," ती म्हणाली. "लांब आहे तो."